पाणी भरणारी बाई

सोमवार, ३ जून
आज कामावर रुजू झाले. टेबल खिडकीशी, खुर्ची नवी, कॉफी बरी. गेम मी कॉलेजात असताना खेळलेलाच आहे. दिवा घेतलेली एक मुलगी पाण्याखालच्या किल्ल्यात उतरते, पहारेकऱ्यांशी लढते, दारांची कोडी सोडवते आणि दगड झालेल्या गावकऱ्यांना हाक मारून जागं करते. आधी तो संगणकावर आला, मग फोनवर. आता हातात धरायच्या छोट्या यंत्रावर यायचा आहे, पण त्यात मावत नाही म्हणून तारीख दोनदा पुढे गेली. मावेल असा करणं हे माझं काम. ताई म्हणाली, म्हणजे पसारा आवरायचा पगार मिळणार तुला? मग घरातलं कपाट फुकटात आवर की!

गुरुवार, ६ जून
इथे एक रीत आहे. नव्या माणसाने सेन्सर लावलेला पोशाख घालून चालायचं, बसायचं, हात हलवायचे. त्या हालचाली गेममधल्या एका गावकऱ्याला देतात. मी नको म्हटलं. अंगाला कोणी काही चिकटवलेलं मला आवडत नाही. ताई माझी विसरलेली किल्ली द्यायला आली होती. अगं, नवरीसारखी काय लाजतेस, मी चालते, म्हणाली. चालली, डावा पाय किंचित ओढत, सगळ्यांना हसवत. आता ती विहिरीवर पाणी भरणारी बाई आहे.

बुधवार, १२ जून
गेम मावला. गावकऱ्यांच्या न लागणाऱ्या हालचाली काढल्या. पाणी भरणारी कधी बसत नाही, झोपत नाही. म्हणून तिचं बसणं आणि आडवं होणं काढलं, पोशाखातून घेतलेल्या मूळ नोंदीही पुसल्या. मालक खूश. पोरीने पिशवीत हत्ती बसवला, म्हणाले. फक्त गेमचा चित्रकार पडद्यावरच्या पाणी भरणारीकडे बघत राहिला. त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबतो, चित्रं डाव्या हाताने काढतो.

गुरुवार, १३ जून
ताई काल उभ्यानेच जेवली. पाय आखडलाय म्हणाली. सकाळी पाहिलं तर भिंतीला टेकून उभ्या उभ्याच डोळे मिटले होते.

शनिवार, १५ जून
डॉक्टर आणि मी, दोघांनी धरून तिला खुर्चीत दाबलं. चालताना वाकणारे गुडघे बसताना वाकत नाहीत. तपासण्यांत काहीच दोष नाही. ताई म्हणाली, बरं झालं, खुर्च्या विकून टाकू. मग रडायला लागली.

सोमवार, १७ जून
चित्रकाराला विचारलं. गेममधल्या लोहाराच्या हालचाली त्याच्या. फोनसाठी जागा कमी होती, लोहार पाठमोराच दिसतो, म्हणून कोणीतरी त्याच्या उजव्या हाताच्या हालचाली काढल्या. त्याच आठवड्यात त्याचा हात गेला. रिलीजनंतर त्याने नवी नोंद जोडून पाहिली. उपयोग झाला नाही. लोकांच्या हाती गेलं की गेलं, म्हणाला. आधी सांगायचं होतंस, असं मी म्हटलं. तू विश्वास ठेवला असतास का, असं त्याने विचारलं.
रिलीज शुक्रवारी दुपारी.

मंगळवार, १८ जून
मालकांना तारीख पुढे ढकलायला सांगितलं. तिसऱ्यांदा? शेंबडं पोरही हसेल आपल्याला, म्हणाले. ताईचं बसणं परत हवं. मूळ नोंद नाही. मीच पुसली. मी.

बुधवार, १९ जून
पायांना सूज, कातडी काळीनिळी. दोरीने खांबाला बांधलंय, पडू नये म्हणून. झोपू दे गं मला, एवढंच म्हणते. मला म्हणते — जणू मी अडवलंय.
मीच अडवलंय.

गुरुवार, २० जून
ताईला बसताच येत नाही, म्हणून पोशाख मी घातला. चित्रकाराने सेन्सर लावले, एका हाताने, हळूहळू. बसले, आडवी झाले. नोंद पूर्ण अंगाचीच होते, अख्खीच गेममध्ये घालावी लागते, मग कापायची. आता ताईला बसणं, झोपणं दिलं की माझ्या बाकीच्या हालचाली मावणार नाहीत. कापलं की काय होतं ते मला माहीत आहे. त्यालाही. तो पोशाखाची घडी घालत राहिला.

शुक्रवार, २१ जून, सकाळ
घरूनच काम. लॅपटॉप समोर, ताई मागे खांबाशी. बसणं तिच्याकडे जाणार, म्हणून आधीच खुर्चीत बसून घेतलंय.
माझं पळणं काढलं. चढणं. मावत नाही.
चालणं काढलं. पाय — असो.
मान वळवणं. आता ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. झोपू दे गं.
मावत नाही.

दुपार
थोडीच जागा हवी. उरलीत फक्त बोटं. सगळ्यात जास्त जागा बोटांनाच लागते.
डाव्या हाताची काढली. मावत ना—
उजव्या हाताची निवडली. बटण दाबलं. गेम तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात हे —
ताई, कपाट आवरायचं राहिलं गं —
मावलं.
मागे दोरी घसरल्याचा आवाज. ताई ब