पिंपाच्या पत्र्याची जीप

अल्लाहपुढे हिशेब द्यायचा आहे हे ध्यानात ठेवून मी, सुवैलिम बिन शिनैन, राहणार अल-अश्खरा, धंदा गाड्यांचे पत्रेकाम, माझ्या मागे काय व्हावे ते लिहवून घेत आहे. गुडघे गेले, छातीत पाणी होते. डोके मात्र जागेवर आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली करीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचा आहे.

कफन साधे असावे. तीन दिवस माणसे येतील त्यांना कावा कॉफी आणि खजूर पुरे. हुमैदने मस्कतहून आचारी आणून मोठेपणा करू नये.

घर, दुकान आणि हत्यारे माझ्या दोन मुलांची, हुमैद आणि मत्तर यांची. वाटे धर्माने ठरवून दिले आहेत, त्यात मी बोट घालीत नाही. एवढेच सांगतो की हातोड्या विकायची वेळ आली तर त्या शेजारच्या दुकानातल्या जुम्आला विकू नयेत. गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, फासायची, वर रंग मारायचा आणि गिऱ्हाइकाला "नवी कोरी झाली बघा" म्हणायचे, या धंद्याला हातोडी लागत नाही. गंज कापायचा असतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि मग जोडायचे. शेजारी दुकान थाटून त्याला इतकी वर्षे झाली, पण हे काही त्याच्या डोक्यात शिरले नाही.

आता जुन्या जीपबद्दल.

आमच्या किनाऱ्याला नावा लावायचा धक्का नाही. नाव जीपने लाटांत ढकलायची आणि परतली की ओढून वाळूवर घ्यायची, असेच चालत आले आहे. त्यामुळे जीप रोज खाऱ्या पाण्यात उतरते आणि पत्रा खाल्ला जातो. माझा तिसरा मुलगा खल्फान ही जीप चालवायचा. उधाणाच्या महिन्यात तो दुसऱ्याच्या नावेवर गेला आणि आला नाही. विधवेने घरात पाळायचे इद्दतीचे दिवस संपल्यावर त्याची बायको शम्सा आपणहून स्टीअरिंगवर बसली. माझा मित्र रबीअ ओरडला होता, "अगं ए, उतर खाली! नाव फोडशील माझी!" महिन्याभरात तोच इतरांना दटावू लागला, "शम्सा आल्याशिवाय माझ्या नावेला हात लावायचा नाही."

नाव ओढली की तिला मासळीचा वाटा मिळतो. त्यावर ती जगते आणि मलाही जेवू घालते. तिला मूल नाही. सून म्हणून माझ्या मागे तिला या घरातून काहीच मिळत नाही.

मी जीप तिच्या नावावर करायला निघालो होतो. तिने ऐकले नाही. "नको बाबा. तुमच्या हयातीत घेतली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला गोड बोलून लुबाडलं. मला ते बोलणं नको." म्हणून मृत्युपत्रच उरले. वारस नसलेल्याला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देता येते. त्यापुढे वारसांची संमती लागते. जीप भंगार होती तोवर काही अडचण नव्हती.

मग जुन्या गाड्यांचे शौकीन फिरू लागले. हुमैदने दुबईचा एक आणला. त्याने बॅटरी लावून एकेक पत्रा पाहिला. सगळे कारखान्याचे मूळ पत्रे, आणि त्यांतली माझी जोडकामे त्याच्या बोटालाही लागली नाहीत. त्याने सांगितलेल्या किमतीत घराशेजारी दुसरे घर उभे राहिले असते. म्हणजे एक तृतीयांशाच्या कितीतरी वर. माझ्याच कारागिरीने माझ्या सुनेच्या तोंडचा घास काढला.

हुमैद, तुला मी विचारले होते, "जीप विकली तर ती काय करेल?" तू म्हणालास, "भावाकडे जाईल बाबा. सगळ्याच जातात." मत्तर चपला घालून बाहेर गेला. त्यानंतर मी तुमच्याकडे संमती मागितली नाही.

पुढच्या वर्षभरात मी जीपचे मडगार्ड, दारे, बॉनेट सगळे उतरवले. तेलाच्या पिंपांचे पत्रे कापून बसवले, वेल्डिंगचे गोळे तसेच ठेवले आणि वरून नावेचा निळा रंग फासला. मूळ पत्र्यांतला चांगला भाग किनाऱ्यावरच्या लोकांच्या गाड्यांना लावून टाकला. तो आता गोळा होणार नाही.

लोक हसले. रबीअ म्हणाला, "म्हाताऱ्या, ही जीप आहे की डबा?" जुम्आ हळहळत दुकानात आला. "उस्ताद, हात थरथरतोय वाटतं. मी करून देऊ का?" जुम्आने हे मला म्हणावे! मी ऐकून घेतले. शम्साने एकदाच विचारले, "बाबा, दिसत नाही का हो आता?" मी हो म्हणालो, आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही.

किंमत लावायला सूर शहरातून जाणकार आला. दारावर तेलकंपनीची अर्धी अक्षरे वाचून तो खो खो हसला आणि भंगाराचा भाव लावून गेला. एक तृतीयांशाच्या खूपच आत. त्याचा दाखला सोबत आहे.

सबब, सदर जीप मी माझी सून शम्सा बिन्त सैफ हिला देत आहे. त्यास कोणाच्याही संमतीची गरज नाही.

पोरांनो, तुम्ही रागवाल. खुशाल रागवा. पण आपला बाप शेवटी कामातून गेला होता, असे मनात ठेवू नका. जीपखाली पाठीवर झोपा आणि वर बघा. चालकाच्या पायांखालचा पत्रा आणि चासीच्या सांगाड्यावरचे जोड. शम्सा बसते ती जागा. तिथला गंज मी चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आहे. जोड अंगठ्याने शोधून दाखवा. सूरचा जाणकार खाली वाकला नव्हता.

मी मरेपर्यंत साक्षीदारांनी हे शम्साला सांगू नये.

अल-अश्खरा, १० शाबान, हिजरी १४४०

सही : सुवैलिम बिन शिनैन

लेखक व साक्षीदार : हमद बिन जुवैद, मशिदीचा इमाम. मजकूर वाचून दाखवला, त्यांनी मान्य केला.

साक्षीदार : रबीअ बिन हदीद, नाववाला. सही करण्याआधी जीपखाली जाऊन पाहिले. जोड सापडले नाहीत.