यंदा आई इथेच राहणार

१ डिसेंबर, सकाळी ७
थंडी पडली. आईने शाल काढली आणि पाठोपाठ बॅग काढली. दर वर्षीचं आहे हे. गारठा सुरू झाला की धाकटा गाडी घेऊन येतो आणि आईला दोन महिने त्याच्या उबदार घरी नेतो. जाताना माझ्याकडे बघून हसतो. थोरला भाऊ हिटरशेजारी बसून कुडकुडतोय, असं ते हसणं असतं.
यंदा नाही. म्हणजे नाही. यंदा आई इथेच राहणार. धाकटा वीस तारखेला येतोय. हातात एकोणीस दिवस आहेत आणि घर उबदार व सुरक्षित ठेवण्याच्या चाळीस सूचनांची एक पुस्तिका आहे.
आई म्हणाली, बाथरूमच्या खिडकीची काच फुटलीय, तेवढी बसवून घे. एवढीशी, वहीएवढी काच! आईला शास्त्रातलं काही कळत नाही, पण बिचारीला दुखवायला नको. हो म्हटलं.

२ डिसेंबर
पुस्तिका उघडली. सूचना पहिली : फुटक्या काचा आधी बदला. हे काय, कुणालाही सुचेल. नवशिक्यांसाठी असणार. मी थेट सहाव्या सूचनेपासून सुरू करतो.
(ती काच उन्हाळ्यात मी खिडकी दुरुस्त करत असताना फुटली. हातोडी वजनाला चुकीची होती.)

४ डिसेंबर
डिजिटल थर्मामीटर आणला. त्यात सेल नव्हता. छतावरच्या धुराच्या अलार्ममधला काढून घातला. धूर काय रोज होतो? थंडी रोज असते. हॉल : चौदा अंश.
आता आकडे हातात आले. निम्मं काम झालंच.

७ डिसेंबर
सूचना नववी : मेणबत्ती पेटवून घरभर फिरा, ज्योत हलेल तिथे फट आहे. फिरलो. जिथे जावं तिथे ज्योत बाथरूमच्या विरुद्ध बाजूला झुकायची. मेणबत्तीची वात वाकडी असावी.
सायंकाळी ६. पडद्याला किंचित झळ लागली. म्हणजे अर्धा गेला. अलार्म वाजला नाही, कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. आईने बादली ओतली. बादली ओतताना ती पुन्हा काचेबद्दल काहीतरी म्हणाली. ही वेळ होती का?

१० डिसेंबर
सूचना सतरावी : गार भिंतीला जड कपाट लावा. मागची भिंत सगळ्यात गार. तिच्यात मागचं दार आहे, पण दार म्हणजे तरी शेवटी भिंतीतलं भोकच. लोखंडी कपाट ढकलून दाराला टेकवलं. मी, ही आणि दूधवाला. दूधवाल्याने विचारलं, उद्या मागून यायचं कसं? मोठ्या कामात असले प्रश्न विचारायचे नसतात.

११ डिसेंबर
पाठ धरली. आईने गरम पाण्याच्या पिशवीने शेकून दिली. शेकता शेकता म्हणाली, मला का हौस आहे रे जायची? त्याच्याकडे दिवसभर कुणी बोलायला नसतं. पण गुडघे ऐकत नाहीत या गारठ्यात.
मला एकदम भरून आलं. आता तर जीव गेला तरी चालेल, घर तापलंच पाहिजे.

१५ डिसेंबर
तेवीस सूचना पूर्ण. हॉल : साडेतेरा. थर्मामीटर बिघडलाय.
दुपारी. थर्मामीटर हिटरच्या पुढ्यात ठेवला. सव्वीस! दुरुस्त झाला. आईला बोलावून दाखवला. तिने चष्मा लावून आकडा नीट वाचला, छान आहे म्हणाली आणि शाल कानावरून घेतली.

१८ डिसेंबर
दोष सापडला. पुढच्या दाराची फट! इतके दिवस समोर असून दिसली नाही. फुगणारा फोम आणला. दुकानदाराने विचारलं, सुतार पाठवू का? मी नुसता हसलो. डब्यावर मागे बरंच बारीक काहीतरी छापलंय. चष्मा कपाटात आणि कपाटाचं दार भिंतीकडे. असो.

२० डिसेंबर, सकाळी ९
आज फैसला. ही बाजारात. आई बॅग घेऊन अंगणात उन्हात बसलीय. बसू दे, परत आत आणायची आहेच. दार बंद करून आतून चारही बाजूंनी फोम भरला. दार बंद असतानाच फट खरी कळते, हे पुस्तिकेतही नाही. पोळीसारखा टम्म फुगला. हवेचा कणही येणार नाही.

सकाळी ११
हवाच काय, कुणीच येणार नाही. धाकटा आला, ही आली, दोघांनी मिळून धक्के मारले. दार ढिम्म. फोम दगड झालाय. मागे कपाट. खिडक्यांना गज, सुरक्षेसाठी मीच बसवून घेतलेले. धाकटा हसला. या वेळी आवाज करून हसला.

दुपारी १२
शेवटी सगळे बाथरूमच्या खिडकीशी आले. बोलायला तेवढीच जागा उघडी होती. धाकट्याचा हात गजांतून आत आला. हातात बुटांच्या खोक्याचं झाकण आणि चिकटपट्टी. आईने पाठवलं होतं. ती मागून म्हणाली, हे आत्ता लाव, आणि खरी काच बसव रे बाबा. बसवलीस तर मी परत येते, खरंच येते. मग गाडीत बसली. हीसुद्धा गेली. म्हणाली, बाहेर किती वेळ उभी राहू?

दुपारी ४
झाकण लावलं. चार मिनिटं लागली. हॉल : बावीस. हिटरपासून लांब, दोनदा बघितलं. आईच्या खुर्चीशी तर तेवीस. खुर्ची रिकामी.
उशीर झाला, पण हरकत नाही. आई येते म्हणालीय. लगेच काचवाल्याला फोन केला. भला माणूस. म्हणाला, उद्या सकाळी नक्की बसवून देतो, तुम्ही फक्त दार उघडं ठेवा.