पट्टीखाली काय चाललंय

१२ जाने., सोम.
डॉक्टरबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. ह्यांच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल. मी ऐकून घेतलं, मग बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले.
सगळं त्या गरम पाण्याच्या पिशवीमुळे. जयपूरची थंडी, पाय गार, हे ती पायाशी घेऊन झोपले. साखरेच्या आजारामुळे पायाला चटका कळेना. सकाळी टम्म फोड. तो ह्यांनी सुईने फोडला, वर हळद. हळद भाजीतच बरी!
पट्टी म्हणजे कापूस नि जाळीचं कापड, एवढंच मला ठाऊक. बाईंनी कपाट उघडून दाखवलं. कोरड्या जखमेला ओल देणारी, वाहत्या जखमेला पाणी शोषणारी, जंतू असतील तर चांदीची. समुद्रातल्या शेवाळाचीसुद्धा! "पहले घाव देखिए, फिर पट्टी चुनिए, आंटीजी." आमची वाहती, त्यात जंतू. म्हणून चांदी घातलेली शेवाळाची. गोळ्या वेगळ्या. गुरुवारपर्यंत उघडायची नाही.

१३ जाने.
हे सकाळपासून पट्टीभोवती घुटमळतायत. "जखमेला हवा नको का? ओल म्हणजे गंज."
पाय लोखंडाचा नाही म्हटलं. पण ह्यांचा जन्म रेल्वेत, रुळांच्या तपासणीत गेलेला. न बघता पास करणं रक्तात नाही.

१४ जाने., संक्रांत
गच्चीवर पतंगांचा गोंधळ. शेजाऱ्यांना तिळगूळ देऊन खाली आले तर हे मोरीत, पाय वर, पट्टी उघडलेली! "बघ, पू झालाय. मी म्हणत नव्हतो?"
खरंच पिवळट, बुळबुळीत काहीतरी. मीही घाबरले. ह्यांनी ते कापसाने खरवडून काढलं, जंतुनाशकाने धुतलं, वर कोरडं कापड. मी चिकटपट्टी कापून दिली.

१५ जाने.
कोरडं कापड जखमेला घट्ट चिकटलेलं. बाईंनी भिजवून सोडवलं तरी थोडी नवी कातडी बरोबर आलीच. रक्त. ह्यांना काहीच कळलं नाही, छताकडे बघत गप्पा मारत होते. मला त्याचंच रडू आलं.
आणि तो पू नव्हताच! जखमेतलं पाणी पिऊन शेवाळाची जेली होते, तेच त्याचं काम. "अंकलजी, आपने तो दवाई ही खुरच दी." बाईंनी तशीच नवी पट्टी बांधली.
मग बिघडलं तर ओळखायचं कसं? विचारून घेतलं. घाण वास, ताप, भोवतालची कातडी लाल नि गरम, तर काळजी. पट्टीच्या कडेची कातडी पांढरी पडली, धुणं धुतल्यावर बोटं पडतात तशी, तर ओल जास्त. सगळं बाहेरून कळतं. थोडी लाली आत्ताही आहेच, तिच्या कडेने बाईंनी पेनने रेघ ओढून दिली. लाली रेघेबाहेर गेली तर लगेच या. नाहीतर सोमवारी.

१६ जाने.
ह्यांना काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून रेघ बघतात. "रेघेच्या आत आहे." स्टेशनमास्तरला कळवावं तसं मला कळवतात. हसू दाबलं.

१७ जाने.
खरं सांगायचं तर आज मलाच राहवत नाहीये. शेवाळ आत काय करत असेल? किती प्यायलं असेल? हे झोपले होते तेव्हा पट्टीचा कोपरा पकडलासुद्धा. सोडला. नाक लावून बघितलं फक्त. वास नाही.

१९ जाने., सोम.
लाली रेघेच्या आत. खुशीत गेलो.
बाई पट्टी सोडवू लागल्या तसं ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "तू बघ." दुसऱ्याच्या डोळ्यांवर कधी रूळ पास न करणारा माणूस!
मी वाकले. जेली धुऊन काढल्यावर मध्ये छान लालसर, डाळिंबाच्या दाण्यासारखं. पण एका कडेला खोल, पांढरं काहीतरी. बाईंनी बारीक सळई घालून पाहिली. पुन्हा पाहिली. हाड आहे की मांसावरचा नुसता पडदा, त्यांनाही नक्की सांगता येईना. उद्या एक्स-रे.
"काय दिसतंय गं?"
"लाल आहे. चांगलं लाल."
बाई माझ्याकडे बघत राहिल्या. येताना रिक्षात हे भलतेच खूश, वाटेत दुर्गापुऱ्याला उतरून जिलबी घेऊ म्हणाले, म्हणजे माझ्यापुरती.
आता जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीतून विचारतायत, "लाल ठीक. पण कडेला काय होतं?"
कुठून कळलं कुणास ठाऊक. ह्यांना अर्धा रिपोर्ट देऊन चालायचं नाही. जाते, सांगते.