छत्तीस दात्यांचं स्प्रॉकेट

सिरसाळा,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय आक्कास,

बजरंगचा नमस्कार. आमी इकडं ठीक हावोत. आईचा गुडघा बरा हाय. कापूस वेचायला निघालती, मीच थांबवलं. गॅरेजात काम लई हाय. दाजींना अन् तुझ्या सासूबाईंना, सारजामावशींना, नमस्कार सांग.

फोन सोडून पत्र कावून लिहितोय, म्हणशील. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ रेटत न्हाई. परवा तू म्हणालीस, "माझ्यामुळं तुझ्या नावाला बट्टा लागला रे." मी "जाऊ दे" म्हणालो अन् फोन ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

दाजींच्या सायकलीला इंजिन बसवलं तवाचं सांगतो. अधू पायानं पॅडल मारणं होईना, म्हणून ते म्हणले होते, हळू पळाली तरी चालंल, पण वडवणीच्या बाजारातून पेंडीचं पोतं घेऊन चढ चढली पाहिजे. त्याला मागच्या चाकाला चव्वेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट, म्हंजी साखळीचं दातेरी चाक, लागतं. दाते वाढले की वेग घटतो अन् ओढ वाढती, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मला मोबाइलवर सायकल जोरात पळतानाचा व्हिडिओ टाकायचा होता. मी छत्तीस दात्यांचं बसवलं. वर पेट्रोल कमी जावं म्हणून कार्बोरेटरची सुई खाली केली. सपाट रस्त्यावर अशी पळाली की काय सांगू! लोकांनी वाहवा केली अन् मी फुगलो.

चढावर ओढ कमी पडली, पेट्रोलही कमी, अन् इंजिन तापून पिस्टन जाम झाला. दाजींनी लंगडत लंगडत दीड कोस सायकल ढकलली. तुमच्या अंगणात मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, काय बिघडलं. या इंजिनाला पेट्रोलमधी ऑइल मिसळावं लागतं, अन् ते तूच मिसळायचीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्कानं पेट्रोलमधी ऑइल कमी टाकलं."

तू वाद घातला न्हाईस. खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन आलीस अन् म्हणालीस, "मला परत शिकव." मी शिकवलं. लिटरला चार झाकणं ऑइल. तू पहिल्यापासून चारच टाकत होतीस, आक्का. मला ठाऊक होतं.

मग सायकल इकडं आणली, पिस्टन बदलला, अन् कुणाला न सांगता चव्वेचाळीसचं बसवून सुई वर घेतली. आता ती चढ चढती. अन् मावशी आल्यागेल्याला सांगतात, सुनेचा हात लागंना तवापासून गाडी नीट चालती. पेट्रोलचा डबा दाजींनी कुलपात ठेवलाय, हे तू मला हसत हसत सांगितलंस. मला लई लाज वाटती. दुरुस्तीसुद्धा मी तुझ्यावरच उलटवली.

येत्या रविवारी येतोय. मावशी अन् दाजी, दोघांसमोर सगळं सांगणार हाय. दाजी बोलतील, ते ऐकून घेईन. लहानपणी आबा मला मारायला उठले की तू दरवेळी मधी पडायचीस. या खेपेला पडू नको.

तुझ्यावर ढकलून मोकळा झालेला,
बजरंग