हळदीला गेलेलं आईचं सूप

ती. सुविधा आक्का,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे आणि दाजींचा रक्तदाब, दोन्ही ताब्यात असावेत. मी ठीक. निपाणीचं आपलं तंबाखू संग्रहालय मात्र सध्या मंगल कार्यालय झालंय.

झालं असं, की तिकिटांवर वीजबिलही भागेना, म्हणून आमचे अध्यक्ष मार्तंड सर बेळगावात 'उत्पन्नाच्या अभिनव वाटा' या शिबिराला जाऊन आले. (जेवण झकास होतं, हे ते आवर्जून सांगतात.) आल्या आल्या फर्मान निघालं: दालन भाड्यानं द्या, भागीदार जोडा. पहिला भागीदार कोण, तर वखारवाले आण्णाप्पा शेठ. ज्यांच्या वखारीत आईनं जन्मभर तंबाखू पाखडली, तेच. (खोकला आईचा, बंगला त्यांचा.) त्यांच्या नातीची, मधुवंतीची हळद आमच्या दालनात ठरली.

मी वस्तूंभोवती दोऱ्या बांधल्या, 'हात लावू नये'च्या पाट्या लावल्या. पण हळदीच्या बायकांना कसली पाटी! त्यांचं सूप घरी राहिलं, मुहूर्त टळायला आला, आणि समोर भिंतीवर आपण संग्रहालयाला दिलेलं आईचं सूप. काढलं की खाली! कुंकवाची बोटं ओढली, तांदूळ-हळकुंडं घातली, पाच सवाष्णींनी हात लावला. मी ओरडलो, "अवो, त्ये आमच्या आईचं हाय!" तर शेठाणीबाई म्हणाल्या, "असू दे रं, सूप त्ये सूप. शुभच असतंय." आक्का, याच बाईनं आईला पायरीखाली बसवून वरून पाणी ओतलेलं. आईला त्यांचा उंबरा कधी ओलांडता आला नाही, आणि सूप थेट देवकाच्या पाटाशी! मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला, आणि मग मी पंगतीत पाणी वाढत फिरलो. करारात तसं होतं.

मार्तंड सर मात्र खूश. 'वारसा हळद' नावाचं पॅकेज काढलंय त्यांनी. बुकिंग जोरात आहे.

दाजींना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भीमरत्न

ता. क. शेठाणीबाईंना ते सूप लाभलं म्हणे. आता त्यांना ते दिवाणखान्यात काचेत लावायचंय, नाहीतर भागीदारी मोडणार. समितीनं मान डोलावलीय. पण सूप तुझ्या नावानं दिलेलं आहे, तेव्हा संमतीसाठी फोन तुला येईल. न्हाय म्हण.

पुन्हा ता. क. भागीदारी मोडली तर संग्रहालय बंद, आणि माझी नोकरीही. तरी न्हायच म्हण. फोनवर त्या तुला गोड आवाजात 'सुविधा आक्का' म्हणतील, विरघळू नकोस. आईचं नाव काय होतं, हे आधी त्यांना विचार.