देवाचा खाडा

बाबा, तू गेलास त्याला सतरा वर्षं झाली. तुझी पोरगी स्टेजवर उभी राहून लोकांना हसवायची, हे तुला माहीत नाही. त्याला आता स्टँडअप म्हणतात. अंधेरीत एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्या, एक माइक आणि मी, एवढाच संसार. आता माझ्याशिवाय चाललाय तो. कुणाचं काही अडलेलं नाही.

आठवतं ना, घाटकोपरच्या चाळीत गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरती संपली की सगळे गाववाले तुझ्याकडे बघायचे. तू नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायचास. आधी सगळं रीतसर, पोराबाळांना सुखी ठेव, कुणाची वाईट नजर असेल तर दूर कर, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’. मग तुझा आवाज जरा खाली यायचा. मी तुझ्या लेंग्याला धरून उभी असते, मला माहीत असतं आता येणार. ‘बा देवा म्हाराजा, तू वर्षातले पाच दिस येतंस, मोदक खातंस आणि जातंस. बाकीचे दिस खंय असतंस? आमच्या कारखान्यात असतंस तर तुझो खाडो लागलो असतो.’ गिरणी बंद पडल्यावर तू अंधेरीच्या एका कारखान्यात लागला होतास, तिथे एक दिवस दांडी मारली की कार्डावर खाडा पडायचा. भटजी उपरण्याने डोळे पुसत हसायचे आणि ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यात मोठ्याने तेच म्हणायचे. नंतर तू स्वयंपाकघरात विळीवर तोच नारळ खवायला बसायचास. आई पाठमोरीच म्हणायची, देवाला असं बोलतात का. तू म्हणायचास, ‘त्याका नाय बोलूचा तर कोणाक बोलूचा? मालकाक?’ एकदा मी त्याच भटजींच्या तोतरेपणाची नक्कल केली तर तू माझ्या हातातली ताटली काढून घेतलीस. ‘देवाक काय व्हया तां बोल, माणसाक बोलू नको.’ मी रडले होते. पण स्टेजवर तो नियम मी कधी मोडला नाही, एवढं तरी तुला सांगते.

गेल्या वर्षी मी तुझं गाऱ्हाणं स्टेजवर केलं, खाड्यासकट. अर्ध्या लोकांना मालवणी कळत नव्हती, तरी तिसऱ्या वाक्यापासून तेही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागले. झकास झालं होतं बाबा. मग कुणीतरी त्यातला शेवटचा तुकडा फोनवर पसरवला. पोराबाळांना सुखी ठेव वगैरे गेलं, नुसता खाडा उरला. आधी शिव्या आल्या, मग तोंडावर काय टाकू ते सांगणारे आले, आणि मग एक दिवस दुपारी एका माणसाने फोनवर आईची बिल्डिंग, मजला आणि ती भाजीला किती वाजता उतरते ते शांतपणे वाचून दाखवलं. त्या दिवशी माझी पार वाट लागली. कॅफेवाला म्हणाला, ‘यार, तुझं काही चुकलेलं नाही, पण काचा माझ्या फुटतील ना.’ चौकीतले साहेब म्हणाले, ‘मॅडम, माफी मागून टाका, विषय संपेल.’

मग मी त्या धमक्या देणाऱ्यांच्या कार्यालयात गेले. पाच-सहा जण होते. चहा दिला, खुर्ची दिली. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस आपल्याच बोलीतला. ‘गाव खंयचा?’ त्याने विचारलं, मी सांगितलं. लहानपणी हाही कुणाच्या तरी लेंग्याला धरून ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला असणारच. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो मोबाइलमध्ये बघत राहिला. मग म्हणाला, ‘ह्या तुका कोणी शिकवल्यान?’ म्हणून मी सांगितलं. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, हे माझ्या वडिलांचं आहे, ते दारू प्यायचे, प्यायले की देवाला काहीही बोलायचे, मी लहान होते, मला कळलं नाही. तो व्हिडिओ अजून फिरतोय.

तू शिमग्यालासुद्धा कोकम सरबत घेऊन बसायचास आणि त्यावरून सगळे तुझी टर उडवायचे. आईने व्हिडिओ पाहिला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘थेंब घेतला नाही गं त्यांनी कधी.’ आणि परत तांदूळ निवडायला लागली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

यंदा गणपतीला मी मागे बसले होते. चाळ पडून टॉवर झालाय, गणपती आता खालच्या हॉलमध्ये बसतो. चुलतभावाने कागदावर बघून गाऱ्हाणं घातलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले, मीही म्हणाले. कुणी हसलं नाही, कुणी हसायची वाटही बघत नव्हतं. माझ्यामागे एक नवी सून शेजारणीला म्हणाली, ‘हिचेच वडील ना ते, पिऊन बोलायचे?’ आजूबाजूला तुला ओळखणारे दहा जण तरी असतील. एकानेही नाही म्हटलं नाही. मीही नाही.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार होते. पण आई रोज तो काढून पुसते, तिला सापडेल. म्हणजे तिथेही नको. वर मी लिहिलंय ना, त्या माणसाने विचारलं म्हणून सांगितलं, ते खोटं आहे. त्याने गाव विचारलं, बस. तुझ्याबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं. मी फक्त स्वतःच्या नावाने माफी मागितली होती, ती त्यांना पुरली होती, तो ‘झाला, जा आता’ म्हणालासुद्धा. मीच म्हटलं, व्हिडिओ एकदा परत घेऊया. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या दारात कोण जाणार आहे. आणि दुसऱ्या वेळी तुला मध्ये घातलं.