भुशातली लोकर

ता. १९ जानेवारी २०२५, रविवार

चि. कानिफनाथ यास काकूचे आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी शेगडी भरत होते. अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, चहाचं आधण ठेवायचं बाकी होतं. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवतीनं भुसा ठासायचा आणि बाटली फिरवत फिरवत वर काढायची, म्हणजे धुराला वाट राहते. सुताराच्या घरात आल्यापासून रोज हेच केलं. त्या दिवशी बाटली काढली तर भुसा बाटलीला धरून वर आला. हातात घेऊन पाहिला, तर पीठ नव्हतं, तंतू होते. पिंजलेल्या कापसासारखे, एकमेकांत अडकलेले. पुन्हा ठासला, पुन्हा तेच. चहाला उशीर झाला म्हणून आमचे हे, तुझे तात्या, ओरडले. तू त्यांच्या हाताखाली पडवीत दाराच्या फळीला रंधा मारत होतास. तू म्हणालास, "तात्या, लोकर येतीय बघा. करवत बी अडकत हुती." ते म्हणाले, "धार लाव तिला. बोथट अवजाराला लोकरच येणार." तू धार लावलीस. लोकर आली ती आलीच.

आधी खुशाली लिहायला हवी होती. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण वाचनालयापर्यंत जाऊन येते. परसातल्या शेवग्याला यंदा भरपूर शेंगा आहेत. तुझी पंकजा दिवाळीआधी श्रीरामपूरच्या बाजारात भेटली, तिनं पत्ता दिला. तू टेम्पो चालवतोस म्हणाली. घरात लाकडाचा पाटसुद्धा तू येऊ देत नाहीस, असंही म्हणाली. फोन नंबर दिला होता, पण फोनवर मी विषय बदलेन हे मला माहीत आहे, म्हणून कागद घेतला. पाकिटावर जिल्हा अहिल्यानगर लिहिला आहे. हात अजून 'नगर'कडेच वळतो.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

पाण्याच्या पाटाकडेचा शिरस तुला आठवत असेल. भराव खचला तेव्हा तो पाण्याकडे कलला, पण पडला नाही. पुढे कित्येक वर्षं कललेल्या बुंध्यानं शेंडा पुन्हा वर नेला. पाटाचं काम निघालं तेव्हा तो तोडला आणि गावानं ठरवलं की नव्या वाचनालयाचं दार याच झाडाचं करायचं. वर सरळ वाढलेल्या ओंडक्याची चौकट झाली. दाराला रुंद फळ्या हव्या होत्या, त्या तात्यांनी खालच्या कललेल्या बुंध्यातून काढल्या. तिथं गाभा मधोमध नव्हता, खालच्या अंगाला सरकलेला होता, त्यामुळे वरच्या अंगाला भरपूर लाकूड होतं. पांढरं, चकाकणारं, एकही गाठ नाही. तात्या हरखून गेले होते. चाळीस वर्षांत असं स्वच्छ लाकूड हाताखालून गेलं नाही, असं चार जणांना सांगत होते.

त्या फळ्यांची थप्पी माझ्या मागच्या पडवीत चौदा महिने होती. वर दगड ठेवलेले. दोन उन्हाळे मी त्या थप्पीवर कुरडया वाळत घातल्या.

एक मेला उद्घाटन झालं आणि दार लागेना. फळ्यांच्या दोन्ही झडपा धनुष्यासारख्या वाकल्या होत्या, मध्ये चार बोटं फट. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी वाचनालयातच समिती बसली. मी चहा घेऊन आले होते. अध्यक्ष गोरक्षनाथभाऊंनी लाकूड किती वाळवलं ते विचारलं. तात्यांनी तुझ्याकडे बोट केलं. पोरानं घाई केली, दुसरीकडच्या ओल्या फळ्या यात घातल्या, असं म्हणाले. तू त्यांना उलटून बोलला नाहीस. तू एवढंच म्हणालास, "काकूंना इचारा. फळ्या त्यांच्या पडवीत हुत्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मला लाकडातलं काय कळतंय."

संध्याकाळी तू पिशवी घेऊन गेलास. तुझी करवत भिंतीला तशीच राहिली.

तात्यांना जाऊन आता साडेतीन वर्षं होतील. त्यांचा रंधा मी दर महिन्याला तेलाच्या फडक्यानं पुसते. कुणी विचारलं कशासाठी, तर सांगता येत नाही. ते गेल्यावर घरात वेळ जाईना म्हणून मी वाचनालयात जाऊ लागले. शाळा सातवीपर्यंतची, त्यामुळे सुरुवातीला एक पान दोनदा वाचावं लागे. आता लागत नाही. वाचनालयाला पत्र्याचं दार आहे. चौकट मात्र आपल्या शिरसाचीच आहे, आणि अजून सरळ आहे. रोज त्या चौकटीतून आत जाते आणि रोज तुझी आठवण येते, हे लिहिलं तर तुला खोटं वाटेल.

यंदाच्या दिवाळीत झाडांवरचं एक जुनं मासिक हाती लागलं. त्यात दोन ओळी होत्या. कललेल्या झाडाच्या वरच्या अंगाला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार होतं, आणि कापताना त्याला लव सुटते. मी ते पान तसंच उघडं धरून किती वेळ बसले कोण जाणे. मला शेगडीतली बाटली दिसत होती.

गोरक्षनाथभाऊंची नात स्नेहल राहुरीला विद्यापीठात झाडांचंच शिकते. ती सुटीला आली तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "आजी, हे ताणकाष्ठ. तुम्हाला कुठं भेटलं?" मी म्हटलं, शेगडीत. ती हसली, मग माझं तोंड बघून थांबली. जुन्या झडपा वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली होत्या. मी तुझी करवत नेली आणि बोटभर तुकडा काढून दिला. एक तुकडा चौकटीच्या आतल्या कडेचाही दिला. सात वर्षं भिंतीवर असूनही करवतीनं चौकटीचा तुकडा लोण्यासारखा कापला. झडपेचा कापताना मात्र लोकर आली.

गेल्या बुधवारी मी एसटीनं राहुरीला जाऊन आले. स्नेहलनं दोन्ही तुकड्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतले होते आणि त्यांना दोन रंग दिले होते. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. चौकटीच्या लाकडात नुसती लाल कडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. झडपेच्या लाकडात प्रत्येक लाल कड्याच्या आत एक जाड निळा थर. काही ठिकाणी तो भिंतीपासून सुटून आत गोळा झालेला.

तिनं समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्या. नळीची भिंत आपल्या मातीच्या भिंतीसारखी असते, आत काड आणि त्याला धरून ठेवणारी माती. काड म्हणजे सेल्युलोज, माती म्हणजे लिग्निन. निळा रंग काडाला धरतो, लाल मातीला. झाड कललं की वरच्या अंगाच्या नळ्यांमध्ये हा आणखी एक थर भरतो, त्यात काडच काड, माती जवळपास नाहीच. त्यातले धागे उभे असतात आणि ते ओढून धरतात. अशा लाखो नळ्या मिळून झाडाला वर खेचतात. आपला शिरस वाकडा नव्हता, कानिफ. तो इतकी वर्षं स्वतःला सावरत होता, आणि आपण नेमक्या त्याच लाकडाच्या फळ्या केल्या.

माती नसल्यामुळे करवतीखाली ते धागे तुटत नाहीत, उपटून येतात. तीच ती लोकर. धारेचा त्यात काही दोष नसतो.

मग मी तिला विचारलं, फळ्या ओल्या असत्या तर? ती म्हणाली की साधं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, हे मात्र लांबीत आकसतं. फळीची एक बाजू या लाकडाची आणि दुसरी साध्या लाकडाची असली की फळी वाकते. थप्पीवर दगड होते तोवर ताण आतच राहिला. फळ्या चिरल्या, रंधल्या, वर एप्रिलचं ऊन लागलं, तेव्हा तो मोकळा झाला. "आजी, ओल्या होत्या म्हणून नाही वाकल्या. वाळल्या म्हणून वाकल्या."

राहुरीच्या स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या. बसून राहिले.

परवा शुक्रवारी समितीची बैठक होती. मी न बोलावता गेले आणि उभं राहून सांगितलं की फळ्या चौदा महिने माझ्या पडवीत होत्या, त्यात दुसरी एकही फळी मिसळली नव्हती, कानिफनाथनं लाकडात खोट आहे हे वेळेवर सांगितलं होतं आणि हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. गोरक्षनाथभाऊंनी चष्मा काढला. मग म्हणाले, "वहिनी, मंग तवाच का न्हाई बोलला?"

मी म्हटलं, "भ्याले."

त्यांनी बैठकीच्या वहीत लिहून घेतलं, फळ्या वाळलेल्या होत्या, कारागीर कानिफनाथ यांची चूक नव्हती. खाली मी सही केली. तिथं कुणी तात्यांना नावं ठेवली नाहीत, तूही ठेवू नकोस असं सांगायचा मला हक्क नाही. त्यांना ते लाकूड माहीत नव्हतं. पण तू ओल्या फळ्या घातल्या नाहीस हे त्यांना माहीत होतं.

इथपर्यंत लिहून पत्र बंद करावं असं दोनदा वाटलं. गावात तुझं नाव साफ झालं, एवढ्यावर भागलं असतं.

शेवटच्या महिन्यात तात्या खाटेवरच होते. एके दिवशी मला म्हणाले, कानिफची करवत आण. मी आणली. त्यांनी अंगठा एकेका दातावरून फिरवला, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, "हिला तर धार हाय." आणि थोड्या वेळानं, "त्यानं त्यो ठोकळा ठिवला हुता कोनाड्यात. कुठंय?"

मी म्हटलं, पोरानं नेला असेल.

ते म्हणाले, "नेला आसंल तर बरं. त्यो बघितला असता तर त्याला बोलवायला तोंड तरी झालं असतं." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. तू अंत्यविधीला आलास आणि फाटकाबाहेरून परत गेलास, तेव्हा हे सांगायला मी उठले होते. बायकांनी मला बसवलं आणि मी बसले.

तो ठोकळा तू नेला नव्हतास. वीतभर तुकडा, एका अंगाला लोकर, दुसऱ्या अंगावर तुझ्या पेन्सिलीनं तारीख आणि 'धार लावल्यावर' असे दोन शब्द. जाताना तू दारात मला म्हणाला होतास, "काकू, कोनाड्यातला ठोकळा ऱ्हाऊ द्या. तात्यांचा राग उतरला की दावा त्यांना." मी मान हलवली होती.

मला वाटलं, हा तुकडा कुणाच्या हाती लागला तर यांची चाळीस वर्षांची कमाई जाईल. तुझी किती वर्षं जातील ते मी मोजलं नाही. आणि यांनाच तो कधी हवा होईल, हे तर डोक्यातही आलं नाही. हे मी समितीपुढे सांगितलेलं नाही. हे तुझं आहे, म्हणून तुलाच लिहिते.

तुझी करवत तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. न्यायला ये, किंवा कुणाला पाठव, किंवा नको असेल तर तसं कळव. पंकजाला आणि मुलांना आशीर्वाद.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, पाणी भरलं, तो ठोकळा कोरड्या भुशाबरोबर शेगडीत घातला आणि त्यावर तुझ्या तात्यांसाठी चहा केला.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे.

रतनबाई